विजेत्या संघाचे विसर्जन

भारतातील सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेचा २०२५-२६ चा हंगाम नेहमीच्या वेळी सुरू होऊ शकला नाही, ही वार्ता आमच्या केळापूर तालुक्यात फारशी कोणी मनावर घेतली नसेल. कापसाचा भाव आणि रब्बीच्या ओलितासाठी मिळणारी वीज यांच्या विवंचनेत असलेल्या माणसाने मुंबई-कोलकात्याच्या चेंडूकडे लक्ष द्यावे तरी कशासाठी? तथापि या वार्तेच्या पोटात जो प्रश्न दडलेला आहे, तो केवळ खेळाचा नाही. एखादी संस्था लोकांच्या मनात जागा मिळविते, मानसन्मान मिळविते, आणि तरीही तिचा काही अपराध नसताना एके दिवशी बंद होते. असे का व्हावे? सूतगिरण्यांची आणि जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांची दारे बंद होताना पाहिलेल्या विदर्भातील वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

झाले ते थोडक्यात असे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी एका खासगी समूहाकडे सोपविले होते. त्या कराराची मुदत २०२५ च्या डिसेंबरात संपत होती. पुढील करार होईना, म्हणून स्पर्धा चालविणाऱ्या कंपनीने त्या वर्षीच्या जुलैतच हंगाम स्थगित ठेवला. काही संघांनी आपले कामकाज थांबविले, खेळाडूंच्या वेतनाविषयी शंका उत्पन्न झाली, आणि अखेर २०२६ च्या जानेवारीत केंद्रीय क्रीडामंत्र्यांना स्पर्धा भरणार असल्याची घोषणा करावी लागली. दरम्यान मुंबई सिटी या संघात २०१९ पासून मोठा हिस्सा असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुप या परदेशी समूहाने २०२५ च्या अखेरीस आपले अंग काढून घेतले. मुंबई सिटी हा काही पराभूतांचा संघ नव्हे. २०२०-२१ आणि २०२२-२३ या दोन हंगामांत साखळीतील अग्रस्थान त्याने मिळविले, २०२०-२१ आणि २०२३-२४ मध्ये चषक जिंकला, आणि २०२२ साली आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय संघ होण्याचा मानही पटकाविला. एवढे यश गाठीशी असूनही संघाचे भवितव्य दूरदेशीच्या एका बैठकीत ठरू शकते, याचा अर्थ यशाचा आणि आयुष्याचा संबंध आपल्याकडे तुटलेला आहे.

हा संबंध महाराष्ट्रात आज तुटलेला नाही. सोळा वर्षांपूर्वी मुंबईच्याच दुसऱ्या एका संघाने तो आपल्याला दाखवून दिला होता. आपण त्याकडे लक्ष दिले नाही, एवढेच.

कारखान्याच्या दारातून मैदानात

महिंद्र आणि महिंद्र या कंपनीचा फुटबॉल संघ १९६२ साली स्थापन झाला. त्या काळची मुंबई ही कंपन्यांच्या आणि गिरण्यांच्या संघांची मुंबई होती. टाटा, मफतलाल, एअर इंडिया, पुढे ओर्के मिल्स, असे कितीतरी संघ कूपरेजच्या मैदानावर एकमेकांविरुद्ध उभे राहत. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स करंडकासाठी देशभरातील संघ मुंबईला येत आणि गिरणगावातला, डोंगरीतला, वांद्र्यातला प्रेक्षक तिकीट काढून सामना पाहण्यास जाई.

या व्यवस्थेमागील अर्थशास्त्र अगदी साधे होते. खेळाडूला कंपनीत कायमची नोकरी मिळे. सकाळी सराव, दुपारी कचेरी, आणि खेळण्याचे वय उलटल्यावरही पगार व भविष्यनिर्वाह निधी यांची शाश्वती. कंपनीला नाव मिळे, आणि कामगारांना आपलेपणाने ओरडण्यासाठी एक संघ मिळे. खेळाडूचे वेतन कामगारांच्या हजेरीपटातच सामावलेले असल्याने संघावर नेमका किती खर्च होतो, हे कोणी वेगळे काढून पाहत नसे. संघ जगत होता तो काहीसा या हिशेबातील अंधुकपणामुळे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. आमच्या भागातील कापसाच्या गाठी ज्या मुंबईकडे जात, त्याच मुंबईच्या गिरण्यांच्या नावाने हे संघ खेळत. म्हणजे कूपरेजवरील त्या खेळाच्या मागे वऱ्हाडच्या काळ्या मातीचाही अल्पसा वाटा होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा तो संसार मोडला. गिरण्यांच्या नावाने चालणारे खेळ त्यानंतर तगून राहणे कठीणच होते.

महिंद्रचा संघ मात्र टिकला, आणि नुसता टिकला नाही तर वाढला. १९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि खेळाडू हा नोकरदार न राहता व्यावसायिक होऊ लागला. २००० साली संघाने 'महिंद्र युनायटेड' हे नाव घेतले. जीप बनविणाऱ्या कंपनीचा संघ म्हणून लोक त्यांना 'जीपमेन' म्हणत. १९९८, २००१ आणि २००८ अशी तीन वेळा त्यांनी ड्युरँड करंडक जिंकला. २००३ आणि २००५ मध्ये फेडरेशन चषक मिळविला. २००६ आणि २००८ साली कोलकात्यात जाऊन आय. एफ. ए. शील्ड आणली. आणि २००५-०६ च्या हंगामात, गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक असताना, ईस्ट बंगालला मागे टाकून राष्ट्रीय लीगचे विजेतेपद पटकाविले. ब्राझीलचा बॅरेटो आणि घानाचा याकुबू हे परदेशी खेळाडू त्या संघात होते. २००७ मध्ये हा संघ आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकस्पर्धेत उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत गेला. राष्ट्रीय लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग या दोन्ही स्पर्धांच्या सर्व वर्षांत महाराष्ट्रातील ज्या एकमेव संघाने विजेतेपद मिळविले, तो हा.

प्रस्तुत लेखक त्या सुमारास पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत होता. विजेतेपदाच्या त्या हंगामातील एक सामना त्याने कूपरेजवर पाहिला. खेळ उत्तम होता, पण आजही लक्षात राहिले आहे ते प्रेक्षकांचे दृश्य. पाहुण्या संघाच्या बाजूने ढोल वाजत होते, घोषणा होत होत्या. यजमानांच्या बाजूला बरीच मंडळी कंपनीचे पास घेऊन आलेली दिसत होती. ती टाळ्या वाजवीत होती, पण हा आपला संघ आहे, तो हरला तर आज रात्री जेवण गोड लागणार नाही, अशी तगमग तेथे फारशी नव्हती. देशातील सर्वांत समर्थ संघ आपल्याच गावात पाहुण्यासारखा खेळत होता. त्या वेळी हे दृश्य केवळ मौजेचे वाटले. चार वर्षांनी त्याचा अर्थ कळला.

खातेवहीतील एक ओळ

२०१० साली, तो हंगाम संपताच, कंपनीने संघ विसर्जित केला. यापुढे शालेय पातळीवरील फुटबॉलकडे लक्ष देऊ, असे तिने जाहीर केले आणि तसा उपक्रम हातीही घेतला. कंपनी डबघाईला आली नव्हती. संघ खालच्या श्रेणीत घसरला नव्हता. कोणताही कायदा मोडला गेला नव्हता. किंबहुना, कंपनीच्या दृष्टीने पाहता हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता, आणि त्याबद्दल तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्यायाचे होणार नाही. भागधारकांचा पैसा कशावर खर्च करावा हे ठरविण्याचा अधिकार संचालकांचा असतो, आणि अठ्ठेचाळीस वर्षे संघ चालविणाऱ्यांनी खेळावर प्रेम केले नाही, असे कोण म्हणेल?

प्रश्न व्यक्तींचा नाही, रचनेचा आहे. व्यावसायिक संघाला उत्पन्नाचे मार्ग मुख्यतः तीन : प्रेक्षकांचे प्रवेशशुल्क, प्रक्षेपणाच्या हक्कांतील वाटा, आणि आपण घडविलेला खेळाडू दुसऱ्या संघाने नेला तर मिळणारे मोल. आपल्याकडे पहिला मार्ग अरुंद, दुसरा महासंघाच्या हातात आणि तिसरा जवळजवळ बंद. राहता राहिला मालकाचा खिसा. मालकाच्या खातेवहीत संघाची नोंद होते ती प्रसिद्धीखर्चाच्या सदरात. मग त्या एका ओळीला दरवर्षी दूरचित्रवाणीवरील जाहिरातीशी, क्रिकेटच्या प्रायोजकत्वाशी, रस्त्यावरील फलकाशी स्पर्धा करावी लागते. कोणता खर्च अधिक गिऱ्हाइके आणतो, हा एकच निकष. या निकषावर फुटबॉलचा संघ आज ना उद्या नापास होणार, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि तरीही या हिशेबात मोठी चूक आहे. वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना 'बाह्य लाभ' ही संज्ञा शिकवितो. मधमाश्या पाळणारा मधाचा पैसा मिळवितो, पण शेजारच्या शेतातील फुलांचे परागीभवन होऊन पीक वाढते, त्याचा मोबदला त्याला कोणी देत नाही. संघाचे असेच आहे. त्याच्यामुळे वस्तीतील मुले मैदानावर जातात, शाळेच्या संघाला ध्येय मिळते, गावाला सांगण्यासारखी एक गोष्ट मिळते. हे सारे लाभ खरे आहेत, पण ते मालकाच्या खातेवहीत उमटत नाहीत. म्हणून मालक एकटाच निर्णय घेईल तेथे तो संघाची किंमत नेहमी कमीच करणार. त्याला दोष न देता एवढेच म्हणता येईल की, ज्यांना लाभ होतो त्यांचाही निर्णयात आवाज असला पाहिजे. महिंद्र युनायटेडच्या विसर्जनात प्रेक्षकाला मत नव्हते, शहराला नव्हते, खेळाडूला नव्हते.

हे एकट्या महिंद्रचे दुर्दैव असते तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. १९९६-९७ च्या पहिल्यावहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता असलेला पंजाबातील फगवाड्याचा जे. सी. टी. संघ २०११ मध्ये बंद झाला. व्यावसायिक संघासाठी घातलेल्या अटी पूर्ण होत नाहीत म्हणून एअर इंडियाचा संघ २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेला. गोव्याच्या साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब या संघांनी २०१६ मध्ये एकाच वेळी आय-लीगमधून माघार घेतली. २००७ साली निघालेला पुणे एफ. सी. दहा वर्षेही टिकला नाही. त्याच वर्षी निघालेला मुंबई एफ. सी. २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत गेला आणि मग दिसेनासा झाला. पुण्याचा दुसरा संघ, एफ. सी. पुणे सिटी, २०१९ मध्ये संपला आणि त्याच्या जागेवर हैदराबादेत नवा संघ उभा राहिला. यांतील गोव्याच्या संघांची तक्रार मालकांविरुद्ध नव्हती, तर महासंघाने आखलेल्या नव्या घडीविरुद्ध होती, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. बंद दाराआडच्या लीगमध्ये पैसे भरून जागा मिळते आणि मैदानावर जिंकून मिळत नाही, असे दिसू लागले की जुन्या संघाने झटावे कशासाठी? पण घडी कोणीही आखलेली असो, परिणाम एकच झाला. संघ गेले.

एका माणसाच्या चरित्रातून ही पडझड स्पष्ट दिसते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांची नेमणूक झाली. खेळाडू म्हणून ते महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफ. सी. या तीन संघांकडून खेळले. शेवटच्या संघाचे ते दीर्घकाळ प्रशिक्षकही होते. यांपैकी एकही संघ आज देशाच्या वरच्या दोन श्रेणींत नाही. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला घडविणारी मुंबईतील सारी पायवाट अशी पुसली गेली आहे. २०१६-१७ मध्ये त्यांनी आय-लीग जिंकून दाखविली ती मिझोरमच्या ऐझॉल या छोट्या शहरातील संघाला घेऊन. संघामागे गाव उभे असेल तर थोड्या पैशांत काय होऊ शकते, याचे ते उदाहरण आहे.

पोलादाचे गाव आणि त्याचा संघ

यावर कोणी म्हणेल की, कंपन्यांच्या हाती असलेले संघ असेच असायचे. ते खरे नाही. दक्षिण कोरियातील पोहांग स्टीलर्स या संघाचा इतिहास महिंद्रच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहावा. पोहांग हे समुद्रकाठचे मासेमारीचे गाव. १९६८ साली पोस्को ही पोलाद कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना तेथे उभा राहिला. हीच कंपनी पुढे आपल्या रायगड जिल्ह्यात माणगावजवळ विळे-भागाड येथे आली, म्हणून तिचे नाव महाराष्ट्राला अगदीच अनोळखी नाही. १९७३ मध्ये कंपनीने कामगारांचा फुटबॉल संघ काढला. म्हणजे महिंद्रच्या संघापेक्षा तो अकरा वर्षांनी धाकटा. आरंभ सारखाच : एक कारखाना, एक साहेबवर्ग, एक संघ. १९८३ मध्ये कोरियाची व्यावसायिक लीग पाच संघांनिशी सुरू झाली, त्यांतही हा होता.

पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. १९९० मध्ये कंपनीने कारखान्याशेजारी खास फुटबॉलसाठी मैदान बांधले. धावण्याचा मार्ग मध्ये नसलेले, प्रेक्षकाला खेळाडूच्या जवळ बसविणारे कोरियातील हे पहिले क्रीडागार. ते भव्य नाही. सुमारे १७ हजार माणसे तेथे बसतात. पण ते गावाच्या मापाचे आहे. दुसरे म्हणजे, कंपनीने कामगारांच्या मुलांसाठी ज्या शाळा काढल्या, त्या शाळांचे फुटबॉल संघ मुख्य संघाला जोडले गेले. तिसरे म्हणजे, १९९० च्या दशकाच्या मध्यास लीगने असा दंडक घातला की संघाच्या नावात गावाचे नाव असलेच पाहिजे. कंपनीच्या संघाला गावाचे आडनाव लागले. नावाने काय होते, असे आपण म्हणू. पण गावाचे नाव घेतलेला संघ बंद करणे हे जाहिरातीचा फलक उतरविण्याइतके सोपे राहत नाही, हे त्या दंडकामागील शहाणपण होते.

या तीन गोष्टींचा कस २०१३ मध्ये लागला. पोलादाच्या धंद्यात मंदी होती, कंपनीने हात आखडता घेतला, आणि त्या हंगामात पोहांगच्या संघात एकही परदेशी खेळाडू नव्हता. आपल्याकडे अशा वेळी संघ मिटला असता. पोहांगने शाळांतून आलेल्या मुलांना घेऊन तो हंगाम खेळून काढला आणि अखेरच्या दिवशी, सामन्याचा नियमित वेळ उलटून गेल्यावर झालेल्या एका गोलाने, अग्रस्थानी असलेल्या उल्सानला हरवून लीग जिंकली. त्याच वर्षी राष्ट्रीय चषकही घेतला. पाच वेळा लीगचे आणि १९९७, १९९८ व २००९ असे तीन वेळा आशियाचे अजिंक्यपद मिळविणारा हा संघ आजही त्याच गावात, त्याच मैदानावर खेळतो. महिंद्रने खेळाडूंवर खर्च केला, पोस्कोने खेळाडूंबरोबर मैदान, शाळा आणि गाव यांवरही केला. पहिला खर्च वर्षाच्या शेवटी संपतो. दुसरा भांडवल म्हणून उरतो.

कोरियातही सारे काही गोड आहे असे नाही. तेथील कंपन्यांनीही गावांना दगा दिलेला आहे. २००४ मध्ये एल. जी. समूहाने आन्यांग शहरातील आपला संघ उचलून राजधानी सोलला नेला. २००६ मध्ये एस. के. समूहाने बुचन शहरातील संघ दूरच्या जेजू बेटावर नेला. पण त्यानंतर जे घडले ते महत्त्वाचे आहे. बुचनच्या प्रेक्षकांनी दोन वर्षांच्या आतच आपला स्वतःचा संघ काढला आणि अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली. आन्यांगमध्ये नागरिकांच्या आग्रहामुळे २०१३ मध्ये नगरपालिकेच्या आश्रयाने नवा संघ उभा राहिला. २०२४ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत पहिला आला, आणि २०२५ मध्ये वरच्या श्रेणीत त्याच सोलच्या संघासमोर खेळण्यास उतरला. एकवीस वर्षे एका गावाने एक अपमान लक्षात ठेवला आणि त्याचे एका संस्थेत रूपांतर केले. दैवू हा प्रचंड उद्योगसमूह १९९९ मध्ये कोसळला, तेव्हाही त्याचा बुसानमधील संघ मेला नाही. दुसऱ्या कंपनीने तो २००० साली सांभाळण्यास घेतला. दॅगू शहराने तर २००२ मध्ये नागरिकांना समभाग विकून संघ काढला. २०१८ मध्ये त्याने राष्ट्रीय चषक जिंकला आणि पुढच्याच वर्षी सुमारे १२ हजार प्रेक्षकांचे आटोपशीर क्रीडागार मिळविले.

नागरिकांचे संघ म्हणजे रामराज्य, असाही समज करून घेऊ नये. त्यांचा बराचसा खर्च स्थानिक सरकारच्या तिजोरीतून होतो आणि तिजोरीमागोमाग राजकारण येते. ग्यंगनाम प्रांताचा संघ २०१४ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला, तेव्हा प्रांताच्या गव्हर्नरांनी संघ विसर्जित करण्याची भाषा केली होती. पण तेथे निदान एक वादविवाद होतो. लोक विचारू शकतात, पुढारी उत्तर देण्यास बांधलेला असतो. कूपरेजचा प्रेक्षक कोणाला विचारणार होता?

आपल्या मातीतील भांडवल

महाराष्ट्राला हा धडा कोरियातून आणण्याची गरज नाही, कारण त्याचे दोन्ही घटक आपल्या मातीत आहेत. पहिला घटक कोल्हापुरात दिसतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ हे संघ कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाहीत. कुस्तीच्या तालमींतून आणि पेठांतील मंडळांतून ते वाढले. छत्रपती शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने लागले की पेठाच्या पेठा लोटतात. मुंबई-पुण्याचे व्यावसायिक संघ जन्मले आणि निमाले, या तालमी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरच्या मातीतला. अर्थात या तालमींचे दोषही उघड आहेत. पेठांतील ईर्ष्या कधी कधी हातघाईवर जाते, हिशेबाची शिस्त ढिली असते, आणि गुणी खेळाडूला वर चढण्यासाठी अखेर परगावी जावे लागते. तेथे आपलेपणा आहे, पण संघटित भांडवल नाही. महिंद्रकडे भांडवल होते, आपलेपणा नव्हता. महाराष्ट्राच्या फुटबॉलचे कोडे ते हेच.

हे कोडे सोडविण्याची रीतही आपल्याला ठाऊक आहे. ज्या राज्यात विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाला सोबत घेऊन प्रवरेकाठी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर साखर कारखाना उभा केला, त्या राज्याला दॅगूच्या नागरिकांनी समभाग घेऊन संघ काढला याचे नवल वाटू नये. सहकाराची पुढे काय दशा झाली हे विदर्भाने पुरेपूर भोगले आहे. बंद पडलेल्या सूतगिरण्या आणि कर्जात रुतलेल्या बँका पाहिल्यावर सहकार हा शब्द उच्चारताना जीभ अडखळते. तरीही रोग झाला म्हणून शरीरच टाकून द्यावे, असे कोणी म्हणत नाही. हिशेबतपासणी कडक असेल आणि सभासदाला खरोखर मत असेल, तर ही चौकट खेळाच्या संघालाही उपयोगी पडेल.

व्यवहारात उतरविण्याजोग्या गोष्टी तीन आहेत. एक : वरच्या श्रेणीत खेळण्याचा परवाना देताना महासंघाने अट घालावी की, मालकाला संघ बंद करावयाचा झाल्यास त्याने पूर्ण एका हंगामाची पूर्वसूचना द्यावी, आणि संघाचे नाव, बोधचिन्ह, करंडक, कुमारसंघ हे सारे प्रथम त्या गावातील विश्वस्त संस्थेला देऊ करावे. दोन : संघाचा हिशेब कंपनीच्या प्रसिद्धीखर्चात दडलेला नसावा. संघ ही स्वतंत्र संस्था असावी आणि तिच्या कारभारात सभासद-प्रेक्षकांना काही जागा राखून असाव्यात. तीन : २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळांचे व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण स्पष्ट शब्दांत आहे. जाहिरातीसाठी केलेला खर्च त्यात धरता येत नाही, ही मर्यादा येथे उपकारकच आहे. हा पैसा व्यावसायिक संघावर नव्हे, तर त्याच्या मुळाशी असलेल्या शाळांवर आणि प्रशिक्षकांवर लागावा.

हे सारे केळापूर तालुक्यात बसून लिहिण्याचे प्रयोजन काय? आमच्याकडे व्यावसायिक संघ होणार नाही आणि त्याची खंतही नाही. पण संघाच्या मरणाचा नियम लहान प्रमाणात येथेही लागू आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील तरुणांचा एक संघ चांगला खेळू लागला होता. एका व्यापाऱ्याने कपडे दिले, चेंडू दिले, स्पर्धेला जाण्यासाठी गाडीभाडे दिले. त्या गृहस्थांचे लक्ष दुसरीकडे वळताच संघ मोडला. त्यांनी काही वाईट केले नाही. जे केले ते चांगलेच केले. चूक आमची होती. वर्षाला शंभर-शंभर रुपयांची वर्गणी, एक सामाईक हिशेबाची वही, शाळेशी मैदानाविषयी एक लेखी करार, एवढेही आम्ही उभे केले नाही. दाता आहे तोवर संस्था आहे असे धरून चाललो. शेजारच्या वणी तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत, कायद्याने द्यावयाचा पैसा आहे. मागण्यासाठी मात्र नोंदणी झालेली, हिशेब दाखविणारी संस्था हवी. ती नसेल तर पैसा येईल तो एका वर्षाच्या कपड्यांपुरता येईल.

मुंबईत काय आणि पांढरकवड्यात काय, खेळाडूचे कौशल्य कधीच कमी पडले नाही. २००६ साली देश जिंकणाऱ्या संघात ते होते, आणि आमच्या त्या मोडलेल्या संघातही थोडेबहुत होते. कमी पडली ती त्या कौशल्याला धरून ठेवणारी संस्था. दात्याचे आभार मानावेत, सत्कार करावा, पण संघाची वही गावाच्या हाती असावी. नव्या हंगामाच्या निमित्ताने देशातील फुटबॉलची घडी पुन्हा आखली जात आहे. नवा करार कोणाशी आणि किती कोटींचा, याचीच चर्चा सर्वत्र आहे. संघ कोणाचा, हा प्रश्न या वेळीही कोणी विचारला नाही, तर पुढच्या विजेत्याच्या विसर्जनाची तारीख तेवढी ठरायची राहील.